आधी फाइल, मग अर्ज

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, आता पुढं काय? कुणाला पोलीस भरती दिसते, कुणाला तलाठी, कुणाला गावातलीच अंगणवाडी. पोरी हुशार आहेत, मार्कही चांगले असतात. तरी अर्ज अडतो, आणि बहुतेक वेळा कागदापायी अडतो. जाहिरात निघते तेव्हा हातात थोडेच दिवस असतात, आणि तेवढ्यात दाखला निघत नाही. मग वर्ष जातं. घरात लग्नाची बोलणी चालू असली, तर त्या एका वर्षात पोरीची नोकरी कायमची राहून जाते. म्हणून आज अर्जाच्या आधीच्या तयारीबद्दल बोलू.

सुरुवात नावापासून करा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे, तेच आधारवर, पदवीवर आणि जातीच्या दाखल्यावर आहे का, एकेक अक्षर लावून बघा. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं पहिलं अक्षर, असा फरक नंतर कागद तपासताना त्रास देतो. लग्न होऊन नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. लग्न झालं त्याच महिन्यात ती करून घ्या.

आता जातीच्या कागदांचं. इथं दोन वेगळे कागद आहेत आणि बायका त्यांची गल्लत करतात. जातीचं प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो, ते पडताळणी समितीकडून मिळतं. आपल्या जिल्ह्याची समिती सोलापुरात सात रस्त्याला, शासकीय दूध डेअरीसमोरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जमातीची पडताळणी मात्र वेगळ्या समितीकडं असते.

राखीव जागेवर निवड झाली की व्हॅलिडिटी मागतातच. ती निघायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ती काढायची खरी वेळ कॉलेजात असतानाच असते. कारण शिक्षणासाठीच्या अर्जाला कॉलेजचं पत्र जोडावं लागतं. नोकरीसाठी काढायची तर नेमणूक देणाऱ्या कार्यालयाचं पत्र लागतं. कॉलेज सुटलेली आणि नोकरी अजून न लागलेली पोर मधेच लोंबकळते. एकदा मिळालेली व्हॅलिडिटी पुढं नोकरीलाही चालते. तेव्हा तुमची लेक अकरावी-बारावीत असेल किंवा पदवीच्या वर्गात असेल, तर आजच कॉलेजच्या कार्यालयात चौकशी करा.

या अर्जाला जुने पुरावे लागतात. कायद्यानं जात सिद्ध करायची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा घराण्याचा पुरावा बघतात. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, तहसीलमधलं कोतवाल बुक, शेतीचे जुने फेरफार, असे कागद शोधा. वडिलांना, चुलत्याला किंवा भावाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर तिची प्रत फार कामाची. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात जुनी नोंद कन्नडमध्ये असू शकते, कधी मोडीतही असते. तिचं भाषांतर किंवा लिप्यंतर करून घ्यायला वेळ लागतो, हे धरून चाला.

आणि हे नीट ऐका, लग्न झालं तरी बाईची जात वडिलांकडूनच धरतात. म्हणजे सगळे पुरावे माहेरचे लागतात. सासरी आल्यावर दर वेळी माहेरी जाऊन उतारे गोळा करण्यापेक्षा लग्नाआधीच लेकीच्या हातात सगळ्या प्रती द्या.

तिसरा कागद नॉन क्रीमीलेअरचा. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागासवर्ग यांना तो लागतो. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, आणि ती मोजताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. दहा एकर ऊस आहे म्हणून आपल्याला मिळणारच नाही, असं घरात बसून ठरवू नका. हा दाखला कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. जाहिरातीत दिलेल्या तारखेला तो चालू हवा. खुल्या गटातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी हा दाखला मागायचे, ती अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयानं काढली आहे.

दाखल्याचा अर्ज दिला की पावती घ्या. २०१५ च्या सेवा हक्क कायद्यानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि ती कार्यालयातल्या फलकावर लावावी लागते. मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. ते ३० दिवसांत करायचं असतं. पावती नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

आता प्रत्यक्ष अर्ज. आधी पूर्ण जाहिरात वाचा. वय, शिक्षण, उंची, रहिवास, सगळं त्यात असतं. पोलीस भरतीत मुलींची उंची किमान १५५ सेंटिमीटर लागते. अंगणवाडीच्या जागेला उमेदवार त्याच गावची रहिवासी आणि बारावी पास लागते. जे आपल्याला लागू नाही, त्यावर फी घालवू नका.

नेटकॅफेत अर्ज भरताना पोरीजवळ बसा. कॅफेवाला घाईत स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. मग प्रवेशपत्र त्याच्याकडं येतं आणि परीक्षेची तारीख निघून गेल्यावर आपल्याला कळतं. नंबर पोरीचा किंवा घरातला टाका, आणि भरती संपेपर्यंत तो बदलू नका. पासवर्ड वहीत लिहा. सही पोरीनंच करायची, दर वेळी सारखी. शेवटचं बटण दाबायच्या आधी नाव, जन्मतारीख, प्रवर्ग मोठ्यानं वाचून घ्या. पैसे भरल्याची पावती आणि अर्जाची छापील प्रत घेतल्याशिवाय उठू नका. शेवटच्या दिवसाची वाट तर बघूच नका, त्या दिवशी वेबसाइट हटकून अडकते.

"एवढे द्या, नोकरी लावून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. सरकारी भरतीत पैसे फक्त परीक्षेच्या शुल्काचे, आणि त्याची पावती मिळते.

हे एकटीनं करायला अवघड जातं, पण गटाला सोपं आहे. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास ठेवा. ज्यांच्या घरी शिकती पोर आहे त्यांनी फाइल आणायची, आणि एखाद्या शिकलेल्या सुनेनं नावं, तारखा, मुदती तपासायच्या. सात रस्त्याला जायचं असेल तर तीन-चार जणींनी मिळून जा, भाडंही वाटलं जातं आणि पोरींना सोबतही होते. बियाण्याला आपण गटातून कर्ज देतोच, तसं परीक्षेच्या शुल्कालाही द्या. या महिन्याच्या बैठकीचा हा विषय आत्ताच वहीत लिहून ठेवा.