मोटार-रॅली आणि घड्याळ

मोटार-रॅलींत उतरण्याचा विचार आम्हीं घरीं बोलून दाखविला, तेव्हां मातोश्रींनीं प्रश्न एकच केला : "गाडी आणि पोर, दोन्ही धड परत आणशील ना?" पोर म्हणजे आमची पुतणी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. गाडी म्हणजे घरची एकुलती एक मोटार. अकोल्याच्या डॉक्टरांकडे जाणें असो कीं वाशीमचें लग्न असो, चौदा माणसांच्या आमच्या कुटुंबाची सारी भिस्त तिच्यावर. तेव्हां प्रश्न गैर नव्हता. (आमचें मालेगांव हें वाशीम जिल्ह्यांतलें, नाशिककडील प्रख्यात मालेगांव तें निराळें. टपाल अजून तिकडे जातें, म्हणून खुलासा केला.)

रॅली म्हणजे शर्यत, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो निम्माच खरा. १९११ सालीं माँटे कार्लोची पहिली रॅली झाली, तींत युरोपांतील निरनिराळ्या शहरांहून निघालेल्या मोटारींनीं मोनॅकोस एकत्र यावयाचें होतें. 'रॅली' या शब्दाचा अर्थही एकत्र जमणें हाच. पुढें या खेळास दोन फांटे फुटले. एकांत रस्ता रहदारीस बंद करून एकेक गाडी सोडतात आणि कमींत कमी वेळांत कोण पार पडतो हें पाहतात. डांबरी रस्त्यावरील अशा रॅलींत कॉर्सिका बेटावरची फार नांवाजलेली. ती १९५६ सालीं प्रथम झाली आणि जिंकली जिल्बेर्त तिरियाँ नांवाच्या बेल्जियन बाईनें. शेजारीं बसून मार्ग सांगणारीही बाईच होती. ही गोष्ट आमच्या वहिनींनीं मातोश्रींस दोनदां ऐकविली, आणि आमचें निम्में काम तेथेंच झालें.

परंतु या प्रकारास गाडींत पोलादी पिंजरा, शिरस्त्राण, परवाना आणि बंद रस्ता हें सारें लागतें. सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चढाओढ करणें हा मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८९ अन्वयें गुन्हा आहे. अकोला रस्त्यावर रात्रीं पैजा लावणाऱ्या तरुणांस हें कोणी सांगेल तर बरें.

दुसरा फांटा आमच्यासारख्या गृहस्थांचा. त्यास वेळ-वेग-अंतराची रॅली म्हणतात. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशननें, जी १९१९ सालची संस्था आहे, अँबी व्हॅलीपर्यंत केवळ स्त्रियांची जी रॅली भरविली ती याच जातीची. तींत रस्ता खुला, रहदारी चालू, आणि वेग ठरवून दिलेला. समजा, ताशीं सरासरी ३६ किलोमीटर ठेवावयाचे आहेत. म्हणजे सेकंदास दहा मीटर. किलोमीटरास बरोबर शंभर सेकंद. वाटेंत कोठें तरी झाडाआड वेळेची चौकी असते. तेथें उशिरा पोंचलांत तर सेकंदागणिक दंडाचा गुण, आणि लवकर पोंचलांत तर आमच्या नियमांत दुप्पट. घाई करणारास अधिक शिक्षा करणारा खेळ मातोश्रींस तत्काळ पटला.

तयारीस आम्हांस दोन महिने लागले. सोपें काम गाडीचें : ब्रेक, दिवे, स्टेपनी, आणि डिकींतून निघालेलें वर्षाचें सामान, ज्यांत हरवलेली पूजेची पळी सांपडली. अवघड काम मीटरचें. गाडीचा मीटर अंतर मोजीत नाहीं. तो चाकाचे फेरे मोजतो. साठ सेंटिमीटर व्यासाचें चाक घ्या. टायर पांच मिलिमीटर झिजला कीं व्यास एक सेंटिमीटरानें घटतो, म्हणजे फेरा सुमारें पावणेदोन टक्क्यांनीं आंखूड होतो. शंभर किलोमीटरांत ही चूक १.६७ किलोमीटर भरते. सेकंदास दहा मीटर या वेगानें १६७ सेकंद! रॅलीचे चालक आपल्या मोजलेल्या अंतराचा एक टप्पा आरंभींच देतात; त्यावरून आपल्या मीटरचा गुणक काढावयाचा असतो. ती संवय व्हावी म्हणून आम्ही पहाटे वाशीम रस्त्यावर दगडा-दगडांतून मीटर ताडून पाहूं लागलों. टायरची हवा थंड असतां एक आंकडा येई, उन्हें चढल्यावर दुसरा. पुतणी दोन्ही वहींत टिपून घेई.

कोणी सुचविलें कीं सराव समृद्धी महामार्गावर करा. तो आमच्या तालुक्यांतूनच गेला आहे. परंतु तेथें वळण नाहीं, फांटा नाहीं, बैल नाहीं. मग शिकावयाचें काय? आम्हीं मेडशीवरून पातूरचा घाट धरिला. हंगामांत आडरस्त्याच्या निम्म्या रुंदींत सोयाबीन वाळत घातलेलें असे. तें तुडवावयाचें नाहीं आणि सरासरीही मोडावयाची नाहीं, हा धडा कोणत्या पुस्तकांत मिळता?

खरा कस शेजारच्या खुर्चीचा. मार्गवहींत गांवांचीं नांवें फारशीं नसतात. प्रत्येक वळणाचें लहानसें चित्र असतें. टिंब म्हणजे आपण आलों ती बाजू, बाण म्हणजे जावयाची. हॉलंडांतील ट्यूलिप रॅली १९४९ पासून सुरू झाली, तिच्यावरून या चित्रांस जगभर 'ट्यूलिप' हेंच नांव आहे. चालत्या गाडींत मान खालीं घालून हीं चित्रें वाचणें, घड्याळ पाहणें आणि गुणाकार करणें, हें सारें एका वेळीं. पहिल्या दिवशीं घाटाच्या तिसऱ्या वळणावर पोरीस ओकारी आली. वहिनींनीं सुंठ-गुळाच्या गोळ्या करून दिल्या. रिकाम्या पोटीं बसावयाचें नाहीं आणि दर दोन मिनिटांनीं दूर क्षितिजाकडे पाहावयाचें, असा नेम ठरला. पंधरा दिवसांत ती सरावली.

रॅली गेल्या हिवाळ्यांत नागपूरच्या बाजूस झाली. एकेका मिनिटानें गाड्या सुटल्या. फोन पाकिटांत बंद. पहिल्या तीन चौक्यांवर मिळून आम्हांस अवघे एकोणीस गुण दंड झाला. "काका, आतां आठ सेकंद पुढें आहांत," "काका, असेंच राहूं द्या," एवढेंच काय तें बोलणें.

मग एका तिठ्यावर ती म्हणाली, "डावीकडे." डावीकडचा रस्ता अरुंद, उजवीकडचा रुंद आणि चाकोऱ्यांनीं भरलेला. आम्हीं तीस वर्षें मोटार चालविलेली! "उजवीकडेच असेल," म्हणून आम्हीं गाडी घातली. ती गप्प राहिली, परंतु बोट चित्रावरून हललें नाहीं. १.४ किलोमीटरांवर एका शेतांत रस्ता संपला. परत तिठ्यावर आलों तेव्हां २६० सेकंद गेलीं होतीं.

आतां मोह पाहा. सरासरी ३६ ची असतां आपण ४८ नें गेलों, तर किलोमीटरामागें २५ सेकंद भरून निघतात. म्हणजे २६० साठीं दहा किलोमीटरांहून अधिक रस्ता हवा. ८० नें गेलों तर पांचाहूनही कमी पुरे. आमचा पाय आपोआप दाबला गेला. पुढें गांव दिसत होतें, रस्त्याकडेस शाळेचीं मुलें होतीं. "काका, अठ्ठेचाळीसच्या वर नको. दंड झाला तर होऊं द्या. आजीला मी शब्द दिला आहे." एवढें बोलून ती पुन्हां वहींत बघूं लागली. आम्हीं पाय उचलला. त्या क्षणीं गाडी तीच चालवीत होती, म्हणा ना.

चार किलोमीटरांवर चौकी लागली. तोंवर शंभर सेकंद भरून निघालीं होतीं. १६० गुण दंड आमच्या नांवावर. एकूण दंड २३१ झाला आणि आम्हीं यादींत मधोमध कोठें तरी आलों. तिठ्यावरचे १६० वगळले असते तर पहिल्या पांचांत असतों, हें तिनें परतीच्या वाटेवर कारंज्यापर्यंत सांगितलें नाहीं. तेथें चहा घेतांना सांगितलें.

घरीं मातोश्रींनीं आधीं नातीस पाहिलें, मग गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली. एक शिंतोडा होता, तो पदरानें पुसला. तिठ्याची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "लहानपणींही हा असाच. यात्रेंत हरवायचा, आणि रस्ता चुकला म्हणून रस्त्यालाच शिव्या द्यायचा."

पुढील रॅलीचा अर्ज परवां भरला. चालकाच्या रकान्यांत पुतणीचें नांव आहे. मार्गदर्शकाच्या रकान्यांत आमचें. सध्यां रोज पहाटे पातूरच्या घाटांत आम्ही मान खालीं घालून चित्रें वाचीत असतों, आणि सुंठ-गुळाच्या गोळ्या आतां आमच्या खिशांत असतात.