‘माणूस’ बोलपटातील मैनेची माघार

प्रेमाचा चित्रपट म्हटला की विचारी म्हणवणारी माणसे नाक मुरडतात. रडारड आणि गाणी, यापलीकडे त्यात काय असायचे, असा त्यांचा सवाल. त्यांनी ‘माणूस’ अवश्य पाहावा. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि १९३९ साली व्ही. शांताराम यांनी तिच्यासाठी हा बोलपट केला. हिंदीत तोच ‘आदमी’.

गोष्ट थोडकी आहे. गणपत हा साधा पोलीस शिपाई. धाडीच्या वेळी तो वेश्यावस्तीतल्या मैनेला वाचवतो. दोघांचा जीव जडतो. एरवी श्रीकृष्णाच्या भूमिकांत शोभणारे शाहू मोडक येथे शिपायाच्या गणवेशात आहेत, आणि मैना शांता हुबळीकरांची. तिचे ते अनेक भाषांतले गाणे लोक गंमत म्हणून ऐकतात. आम्हाला त्यात तिची मजुरी दिसते: जसे गिऱ्हाईक, तशी बोली!

गणपत तिला आपल्या भाविक आईपुढे नेतो, आणि मैना पळ काढते. येथे पुष्कळांचे अडते. कोणी हाकलले नसता ही पळते का? आमच्या मते चित्रपटाचा गाभा हाच. कामगारांत वावरताना आम्ही पाहतो की, वर्षानुवर्षे बदली म्हणून राबलेला माणूस कायम झाल्यावरही काही दिवस दाराशीच घुटमळतो. आत बसायचा हक्क आपला आहे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले नसते. मैनेचेही तसेच. पुढे ती आपल्या दुष्ट मामाचा खून करते, तुरुंगात जाते, आणि गणपत सोडवायला आला तरी नकार देते.

१९३५ च्या ‘देवदास’ला हे शांतारामांचे उत्तर मानले जाते, ते योग्यच होय. तेथे प्रियकर दारूत बुडून मरतो व प्रेक्षक त्या मरणावर भाळतो. येथे मरणाचे कौतुक नाही.

अशा कथा आपल्याकडेच झाल्या असे नव्हे. इजिप्तमध्ये १९३३ साली गायक महंमद अब्दुल वहाब यांचा ‘पांढरा गुलाब’ निघाला. त्यात गरीब कारकून मालकाच्या मुलीवर प्रेम करतो आणि अखेर तिला सोडून देतो. कैरो काय, पुणे काय, माघार घेतो तो खालच्या पायरीवरचा. हे ध्यानात ठेवून मैनेचा तुरुंगातला नकार पुन्हा पाहावा.