नमुना ६ आणि कॉट बेसिसवरचा मतदार

मतदार यादीत पहिल्यांदा नाव घालायचं तर भरावा लागतो तो नमुना ६. दिसायला अगदी साधा अर्ज. नाव, नातेवाइकाचं नाव, जन्मतारीख, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. महाविद्यालयातल्या नोंदणी शिबिरात पाहावं तर पहिले रकाने भराभर भरले जातात आणि पेन अडतं ते पत्त्यापाशी. पुरावा म्हणून चालतं काय? वर्षभर तरी जुनं असलेलं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं पासबुक, पासपोर्ट, जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार, खरेदीखत. आणि तेही स्वतःच्या, नाहीतर आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर. पुढचा रकाना विचारतो, याच पत्त्यावर राहणाऱ्या आणि आधीच यादीत असलेल्या कुटुंबीयाचा ओळखपत्र क्रमांक कोणता? मग घोषणापत्र: या पत्त्यावर कोणत्या महिन्यापासून राहता? आता पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या, दुपारचा डबा मेसमधून घेणाऱ्या आणि रात्रीचा अभ्यास अभ्यासिकेत करणाऱ्या मुलीसमोर हा कागद ठेवून पाहा. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, भाडं महिन्याच्या महिन्याला फोनवरून, करार तोंडी, आधारवर परभणीकडचं गाव. नागरिक ती आहे, वयही बसतं. पण अर्जाला हवा आहे घर असलेला माणूस.

माझं म्हणणं एवढंच आहे की तरुणांच्या मतदार नोंदणीचं दुखणं जागृतीत कमी आणि पत्त्यात व तारखेत जास्त आहे. १९८९ साली ६१ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं. एकविसाव्या वर्षी पदवी हातात येते, माणूस घरी परततो किंवा कुठेतरी टेकतो. अठरावं वर्ष हे नेमकं घर सोडण्याचं वर्ष. बारावीचा निकाल आणि मताधिकार बहुतेकांच्या वाट्याला एकाच सुमारास येतात, आणि त्याच पावसाळ्यात ट्रंक एसटीच्या टपावर चढते. (हल्ली ती ट्रॉली बॅग असते आणि टपावर जात नाही, एवढाच फरक.) वय खाली आणलं, पण नोंदणीची रीत राहिली स्थिरावलेल्या कुटुंबाच्या मापाचीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मुलांनाच पडलेली नाही, दिवसभर मोबाइल हातात असतो, एक अर्ज भरता येत नाही? आकडे वरवर या तक्रारीच्या बाजूचे वाटतात. २०२४ च्या लोकसभेआधी निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या यादीत अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १.८ कोटी मतदार होते. लोकसंख्येच्या अंदाजाप्रमाणे या वयाचे जितके असायला हवेत त्याच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. पण हेच प्रमाण राज्यवार पाहिलं की उदासीनतेचं स्पष्टीकरण लंगडं पडतं. तेलंगणात अशी सुमारे दोन तृतीयांश मुलं यादीत होती, बिहारमध्ये पाचातलं एकही धड नाही, आणि राजधानी दिल्लीतही जेमतेम पाचातलं एक. हैदराबादच्या मुलाला लोकशाहीचा पुळका आणि पाटण्याच्या, राजकारणाच्या गप्पांवर वाढलेल्या मुलाला कंटाळा, हे कुणाला पटेल? बिहारची मुलं शिकायला आणि कामाला बाहेर पडतात. दिल्लीत बाहेरून आलेल्यांची खोल्यांमधली वस्ती मोठी. लोकसंख्येचा अंदाज थोडा चुकीचा धरला तरी एवढी तफावत मनःस्थितीने होत नाही, यंत्रणेने होते.

दुसरा आक्षेप ऑनलाइन सोयीचा. अर्ज फोनवरून भरता येतो, हे खरं. पण अर्ज भरला म्हणजे नाव चढलं असं नाही. त्यानंतर हरकतींसाठी सात दिवसांची मुदत असते आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला दिलेल्या पत्त्यावर जातो. बीएलओ म्हणजे बहुधा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक. मूळ काम सांभाळून एका मतदान केंद्राची हजारेक नावं बघणारा माणूस. तो दुपारी पोचतो तेव्हा खोलीला कुलूप असतं. त्यात घोटाळा वेळेचा. कायद्याने उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नवं नाव घालता येत नाही. २०२४ च्या विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, उमेदवारीची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. पडताळणीला वेळ धरता नोंदणीच्या अर्जाला १९ ऑक्टोबरनंतर अर्थ उरला नाही. म्हणजे घोषणेनंतर चार दिवस. सभा, रील्स, घराघरांतले वाद, ज्यामुळे तरुणाला मत द्यावंसं वाटतं ते सगळं सुरू होतं यादी बंद झाल्यावर.

तारखांचं एक कोडं मात्र सुटलं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच नाव चढे. २ जानेवारीला जन्मलेल्याचं अख्खं वर्ष वाया. ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख अशा चार अर्हता तारखा झाल्या आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येऊ लागला. पण महापालिकांकडे पाहा. मुंबई-पुण्यात फेब्रुवारी २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. तेही १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी प्रभागांत फोडून. २०१७ च्या पावसाळ्यात अठरा पूर्ण केलेल्याला नगरसेवकासाठीचं पहिलं मत सव्विसाव्या वर्षी मिळालं. तीच गत महाविद्यालयांची: तिथल्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गेल्या, २०१६ च्या कायद्याने कागदावर परत आल्या आणि २०१९ मध्ये ठरून पुढे ढकलल्या गेल्या. ज्यांना मत देण्याची सवय लागू दिली नाही, त्यांच्याच नावाने सवय नाही म्हणून बोटं मोडायची.

मग उपाय काय? महाविद्यालयाची प्रवेशाची खिडकी. जन्मतारीख, फोटो, दाखला, वसतिगृहाची खोली, सगळं तिथल्या बाबूंकडे आधीच जमा असतं. आयोगाच्या सूचनांप्रमाणे, किमान वर्षभराच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला असलेल्या आणि बाहेर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गावी किंवा शिकण्याच्या ठिकाणी, कुठेही एका जागी नाव लावण्याची मुभा आहे. त्यासाठी संस्थाप्रमुखाचं बोनाफाइड लागतं. अडचण ही की ते मागावं लागतं, आणि मागायचं असतं हे ठाऊक असावं लागतं. प्रवेशपावतीबरोबर ते आपोआप निघालं आणि त्या भागाचा बीएलओ ठरलेल्या दिवशी महाविद्यालयातच बसला, तर बंद खोलीचे हेलपाटे वाचतील. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याच्या उच्च शिक्षणमंत्र्यांनी प्रवेशासाठी मतदार नोंदणी सक्तीची करण्याचं सूतोवाच केलं होतं. दिशा बरोबर, पण ओझं चुकीच्या खांद्यावर. कागद नाही म्हणून जिचं नाव चढत नाही तिचा प्रवेशही अडवायचा, हा तर दुहेरी दंड. सक्ती करायचीच तर संस्थेवर करावी, की तिने प्रत्येकाच्या हातात अर्ज आणि बोनाफाइड द्यावं. नको म्हणायचा हक्क मुलाचा.

सर्वांत वजनदार आक्षेप उरतो दुबार नावांचा. तीन वर्षांसाठी आलेल्या मुलांनी इथल्या निवडणुका का फिरवाव्यात, आणि गेल्यावर त्यांची नावं यादीत तशीच लोंबकळणार ना? पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपं: रात्री अकराला रस्त्यावरचे दिवे बंद असतात ते याच मुलींसाठी, पाण्याचा टँकर येतो तो यांच्याच वसतिगृहात. दुसरा प्रश्न खरा आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही आणि खोट्या घोषणेला वर्षभराच्या कैदेची तरतूद आहे. पण तीन वर्षांनी खोली सोडणाऱ्याला स्थलांतराचा नमुना ८ आठवत नाही, त्यात गुन्हेगारी कसली? आणि तो नेमका केव्हा जातो हे महाविद्यालयाइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायला तो त्याच खिडकीशी येतो, ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र जोडतो, अनामत परत मागतो, नव्या गावाचा पत्ता सांगतो. नमुना ८ ला तोच पत्ता लागतो.