घर घेताना : गरज कोणती, आवड कोणती?

स्वतःचे घर घेणे ही बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट आहे. वडिलांच्या फंडाची रक्कम, आईचे सोने आणि पुढची वीस वर्षे पगारातून जाणारा हप्ता, हे सगळे त्यात ओतले जाते. आपल्यातील कित्येक घरांत तर चाळ किंवा झोपडपट्टी सोडून स्वतःच्या घरात जाणारी ही पहिलीच पिढी असते. म्हणून घर पाहायला निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा. या घरात आपली गरज कोणती आणि आवड कोणती?

हा प्रश्न विचारला नाही तर नमुन्याच्या फ्लॅटमधील चकचकीत फरशीने आणि रंगीत दिव्यांनी डोळे दिपतात. पाणी दिवसातून किती वेळ येते, हे विचारायचे राहूनच जाते. फरशी पुढेमागे बदलता येते, रंग तर बदलतोच. पण घराची जागा, मजला, खिडकीसमोरची भिंत आणि नोकरीपासूनचे अंतर बदलता येत नाही. जे नंतर बदलता येते त्यासाठी आज कर्ज काढू नये. जे कधीच बदलता येत नाही, त्यात तडजोड करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

समजा, नोकरी मुंबईत फोर्ट भागात आहे आणि बदलापूरला त्याच पैशांत एक खोली जास्त मिळते. बदलापूर बोरीबंदरपासून सुमारे ६८ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन रोज तीन तास गाडीत गेले, तर महिन्याच्या २५ दिवसांचे ७५ तास होतात. पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील तर संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाकडे कोण पाहणार? दहावीची मुलगी आणि आजारी सासूबाई एकाच खोलीत असतील तर ती जादा खोली गरजच आहे. पाहुण्यांसाठी दिवाणखाना सजवायचा असेल, तर ती आवड आहे.

आवडीची किंमतही कागदावर मांडावी. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतले तर दर लाखामागे सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो. बागेकडे तोंड असलेल्या फ्लॅटसाठी दोन लाख जास्त मोजले, तर दरमहा १,८०० रुपये आणि वीस वर्षांत सव्वाचार लाखांहून अधिक रक्कम जाते. त्या पायी मुलांच्या शिक्षणाला कात्री लागणार असेल तर ती बाग फार महाग पडली, असेच म्हणावे लागेल.

काही वेळा मात्र गरजही नसते आणि आवडही नसते, असते ती केवळ भीती. ‘वास्तूप्रमाणे’ आणि ‘पूर्वाभिमुख’ अशी जाहिरात करून जादा दर सांगितला जातो. दिशा पाहावी, पण ती ऊन, वारा आणि पावसासाठी. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतरचे ऊन येते आणि ती तापते. कोकणपट्टीत नैऋत्येकडून येणारा पाऊस त्या बाजूच्या भिंती झोडपतो. ही ओल जाहिरातीत दिसत नाही. म्हणून घर एकदा भर दुपारी, एकदा रात्री आणि शक्य असेल तर पावसाळ्यात पाहावे.

कागदपत्रांच्या बाबतीत आवड-निवड चालत नाही. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा काम करीत आहे. नव्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तेथे तपासावा. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर ठरवावा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला मागता येत नाही. तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र स्वतः पाहावे.

घरातील स्त्रीचे मत शेवटी विचारण्याची आपली सवय मोडायला हवी. ओटा, मोरी, कपडे वाळवण्याची जागा यांतला फरक तिलाच आधी कळतो. शिवाय २०२१ पासून राज्यात घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ४० लाखांच्या घरावर हे ४० हजार रुपये वाचतात आणि मालकीही तिची होते.

मग आवडीला घरात जागाच नाही का? जरूर आहे. बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. कुटुंब तळमजल्यावर आणि ग्रंथालय वरच्या मजल्यावर, अशी त्याची मांडणी होती. त्यांची आवड आणि त्यांच्या कार्याची गरज तेथे एकच होती. आपल्याही घरात अशी एखादी आवड असते. कुणाचे शिवणयंत्र, कुणाचा तबला, मुलांचे अभ्यासाचे टेबल. तिला प्रकाशाचा एक कोपरा मिळत नसेल, तर मोठे घरही अपुरेच.

तेव्हा रविवारी घर पाहायला निघण्यापूर्वी शनिवारी रात्री एक वही घ्यावी. ज्यांच्यावाचून चालणारच नाही अशा पाच गोष्टी सर्वांनी मिळून लिहाव्यात आणि त्यांच्याखाली मनापासून हवी असलेली फक्त एक. ती वही खिशात ठेवूनच बिल्डरच्या कार्यालयाची पायरी चढावी.