स्नॅपशॉट आहे ना, मग कसली भीती?

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून असलेल्या व्हर्च्युअल मशीन्सना अपग्रेडचे वेध लागले. कुणाचं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर त्यात, कुणाचा टेस्टिंगचा पसारा. अपग्रेड अर्ध्यात अडकलं की मदत मागायला आलेला माणूस हमखास ऐकवतो : "काळजी नाही, स्नॅपशॉट घेतलाय. बॅकअप आहे."

नाही. बॅकअप नाही.

दुकानदार चालू खतावणीला सील ठोकतो आणि पुढच्या नोंदी नव्या वहीत करतो, तसं हे काम चालतं. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठते आणि त्यानंतरचे बदल एका वेगळ्या फरक-फाइलीत जातात. आजची शिल्लक काढायची तर दोन्ही वह्या हव्यात. मूळ फाइल खराब झाली, किंवा दोन्ही ज्या हार्ड डिस्कवर आहेत ती बसली, तर स्नॅपशॉटही गेला. व्हीएमवेअरच्या अधिकृत मार्गदर्शनातच लिहिलंय की स्नॅपशॉट बॅकअप म्हणून वापरू नका आणि एकच स्नॅपशॉट 72 तासांहून जास्त वापरात ठेवू नका.

गंमत म्हणजे, ज्याच्या भरवशावर अपग्रेड सुरू होतं तोच कधी कधी ते बंद पाडतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना डिस्कवर प्रचंड लिखाण होतं, आणि ते सगळं फरक-फाइलीत साचतं. ही फाइल वाढत वाढत डिस्कच्या पूर्ण क्षमतेएवढी होऊ शकते. म्हणजे 80 जीबीची डिस्क आणि एक स्नॅपशॉट, यांना होस्टवर 160 जीबीपर्यंत जागा लागू शकते. होस्ट भरला की व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवून ठेवतो आणि समोर दिसतं ते अडकलेलं अपग्रेड. इथे मशीन जबरदस्तीने बंद करू नये. होस्टवरची दुसरी जागा मोकळी करावी आणि मशीन पुन्हा चालू स्थितीत आणावं. बहुतेकदा काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सरकतं.

पण लोक काय करतात? मशीनच्या फोल्डरमधला 'स्नॅपशॉट्स' फोल्डर उघडतात. महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्या-अक्षरांच्या नावाची, 30-40 जीबीची फाइल दिसते. कचरा समजून ती उडवतात. स्नॅपशॉटनंतरचं सगळं काम त्या फाइलीत होतं!

दुसरा घोळ बटणांचा. स्नॅपशॉट 'डिलीट' केला तर आजचं काम जात नाही. फरक मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो. आजची स्थिती जाते ती 'रिस्टोअर' केल्यावर. नावांवरून अंदाज बांधणारे नेमका उलटा समज करून घेतात आणि सुरक्षित बटणाला भिऊन धोक्याचं दाबतात.

बाकीचे समज किरकोळ, पण वेळखाऊ.

"लॅपटॉप जुना, टीपीएम चिप नाही, म्हणजे विंडोज 11 विसरा." ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स 7.0 पासून व्हर्च्युअल टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट मिळतात. मशीनला 4 जीबी रॅम, दोन कोअर आणि 64 जीबीची डिस्क द्यावी लागते, इतकंच.

"सेटिंगमध्ये यूईएफआयवर टिचकी मारली की झालं." जुन्या बायोस पद्धतीने बसवलेलं विंडोज त्यानंतर सुरूच होणार नाही. आधी एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजमधलंच साधन वापरून डिस्कची मांडणी बदलायची, मग टिचकी.

"डिस्क 50 ची 80 जीबी केली, तरी जागा नाही म्हणतोय." डिस्क वाढली, आतलं पार्टिशन तेवढंच राहिलं. सी ड्राइव्हला लागून रिकव्हरी पार्टिशन असेल तर 'एक्स्टेंड' मंद दिसतं. आधी ती आडकाठी हटवावी लागते.

"उबुंटू अपग्रेड केलं, स्क्रीन काळी, सगळं संपलं." डेटा सहसा जागेवरच असतो. कर्नल बदलला आणि गेस्ट अ‍ॅडिशन्सची मॉड्यूल्स जुन्या कर्नलसाठी बांधलेली राहिली, तर असं होतं. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन गेस्ट अ‍ॅडिशन्सची नवी आवृत्ती टाकून पाहावी.

मग खरा बॅकअप कोणता? अपग्रेडआधी मशीन नीट शटडाउन करायचं आणि त्याचा अख्खा फोल्डर वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचा. नुसती डिस्कची फाइल पुरत नाही, कारण सेटिंग्ज दुसऱ्या फाइलींत असतात. ती कॉपी एकदा सुरू होते का हेही पाहून घ्यावं. त्यानंतर स्नॅपशॉट खुशाल घ्यावा. अपग्रेड फसलं तर पटकन मागे यायला तो उत्तम. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं की तो डिलीट करावा, फोल्डरमध्ये जाऊन नव्हे, सॉफ्टवेअरमधल्या बटणाने.