मुलांसमवेत मोलेच्या अरण्यात

अरण्य पाहावयाचे ते गाडीच्या काचेतून नव्हे, तर पायांनी. गोव्यातील आपणा मराठी कुटुंबांना ही संधी दारातच लाभली आहे. मोले येथील भगवान महावीर अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापतात. गवा, भेकर, शेकरू, धनेश तेथे नांदतात. तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिरही याच रानाच्या कुशीत आहे. मात्र मुलाबाळांसह एका दिवसाची पदभ्रमंती आखताना उत्साहाइतकीच पूर्वतयारी हवी.

अभयारण्यातील प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि वाटेची माहिती असलेला वाटाड्या त्यांच्याच सल्ल्याने निवडावा. भर पावसात ओढे अकस्मात चढतात. म्हणून पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस उत्तम. पहाटे निघावे आणि परतीची वेळ आधीच ठरवून ती कसोशीने पाळावी. गटाचा वेग सर्वांत लहान मुलाच्या पावलांनी ठरावा. वाटाड्या पुढे, एक जाणती व्यक्ती शेवटी आणि मुले मध्ये, असा क्रम असावा. मुले खेळाच्या भरात तहान विसरतात. त्यांना थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी पाजावे. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये. गवा दिसल्यास छायाचित्रासाठी पुढे न जाता शांतपणे मागे सरावे.

सर्पदंशाचा विचार निघण्यापूर्वीच करावा. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले आहे. घाटातील चापड्यावर ते गुणकारी नाही. दंश झाल्यास आवळपट्टी, चिरा वा चोखणे यांपैकी काहीही करू नये. अवयव हाड मोडल्याप्रमाणे स्थिर ठेवून रुग्णाला उचलून न्यावे. प्रतिविष व कृत्रिम श्वसनाची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच लिहून ठेवावे. रानात मोबाइल लागेलच असे नाही.

दुसरा धोका गोचिडीचा. क्यासनूर अरण्यात १९५७ साली ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात आढळला. जानेवारी ते मे हे त्याचे मुख्य महिने. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, पालापाचोळ्यावर बसू नये. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्यास कळवावे. घरी परतताच मुलांचे केस, कानामागचा भाग, काखा व जांघा तपासाव्यात. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल वा चटका नको.

त्यानंतरच्या पंधरवड्यात ताप, तीव्र डोकेदुखी वा अंगदुखी उद्भवल्यास ॲस्पिरिन देऊ नये आणि रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. व्यवसायबंधूंनीही तापाच्या प्रत्येक रुग्णास ‘अलीकडे रानात गेला होतात का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. डेंग्यू समजून चाललेल्या उपचाराची दिशा त्या एका उत्तराने बदलू शकते.

एवढी दक्षता घेतली, तर मुलांना निर्धास्तपणे रानाचा सहवास घडविता येईल.