पोचट की भरलेली?

खोलीत अंधार आणि एसी असा, की आत्या पदर कानावरून घट्ट ओढून घेते. समोर तो नेहमीचा बोर्ड: इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. बासष्ट वर्षांची आत्या तो अक्षर अक्षर लावून वाचते आणि म्हणते, "बरं झालं बाई सांगितलंत." सिस्टर तोंडावर हात धरून हसते.

साताऱ्यातलं हे सोनोग्राफी सेंटर. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय: डावा पाय, व्हेनस डॉपलर, अर्जंट. गोठ्यात पाय घसरून घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर होतं, ते गेल्या आठवड्यात निघालं. परवा सकाळी पोटरी टम्म. डॉक्टरांनी टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या, डावी चार सेंटिमीटर जास्त भरली. फरक तीनच्या वर गेला की ते कान टवकारतात, हे मला काल कळलं. त्याआधी शेजारच्या काकूंनी "शीर चढलीया" असा निकाल देऊन रात्री पाय तेल लावून चोळून दिलेला.

डॉक्टर मॅडमना वासावरूनच कळतं. "तेल कुणी लावलं? मावशी, आता चोळायचं नाही बरं का. गाठ असली तर सुटून वर जाईल."

"वर म्हंजे कुठं?"

"फुप्फुसात."

आत्या गप्प होते. मीही.

जांघेत गार जेल पडतं. स्क्रीनवर राखाडी धुकं आणि त्यात शेजारीशेजारी दोन काळी वर्तुळं. एक ठोके देतंय, दुसरं नुसतंच. मॅडम प्रोब खाली दाबतात. दुसरं वर्तुळ चपटं होतं, रेघ होते, नाहीसं होतं. हात सैल केला की परत उघडतं. ठोके देणारं मात्र तसंच गोल. "ती धमनी. तिची भिंत जाड, आत दाबही जास्त. शीर कशी, मऊ. दाबली की मिटायला पाहिजे."

मिटली. दोन बोटं खाली सरकून पुन्हा दाब. मिटली. मांडीच्या वरच्या भागात हेच चाललंय. मी तर समजून होतो की यंत्र गाठीचा फोटो काढतं. इथे सगळा कारभार दाबून बघण्याचा, आणि मॅडमचं लक्ष स्क्रीनइतकंच स्वतःच्या मनगटाकडे.

मध्येच त्या रंगाचं बटण दाबतात. शिरेत निळं, धमनीत लाल. शाळेच्या पुस्तकातल्यासारखंच, असं मी म्हणतो, तर त्या प्रोब जरा उलटा कलवतात आणि रंगांची अदलाबदल होते. रक्त प्रोबकडे येतंय की लांब जातंय, एवढंच तो रंग सांगतो. शुद्ध-अशुद्धाशी त्याला देणंघेणं नाही. डॉपलर या गृहस्थाने 1842 साली प्राग शहरात यामागचा सिद्धांत मांडला तो जोडताऱ्यांचे रंग समजावण्यासाठी. ताऱ्यांच्या रंगांबाबत त्याचा अंदाज चुकलाच, पण सिद्धांत टिकला आणि आता आत्याच्या मांडीवर उपयोगी पडतोय.

"गुडघा वाकवा, पाय बाहेर टाका. बेडकासारखा."

प्रोब गुडघ्यामागच्या खळग्यात जातो. इथे शीर वर, धमनी तिच्याखाली. दाब. वर्तुळ हलत नाही. मॅडम आणखी दाबतात, त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं होतं. खालची धमनीसुद्धा किंचित लांबोळी होते, शीर मात्र गोलच्या गोल. आत्याच्या तोंडून "आई गं" निघतं.

मी वाकून बघतो. आत काहीच दिसत नाही, शीर पहिल्यासारखीच काळी. "गाठ कुठाय?"

"ताजी आहे, म्हणून दिसत नाही. ताजी गाठ रक्तासारखीच काळी येते. नुसतं बघत बसलं तर फसायला होतं."

आत्याला स्क्रीन दिसत नाही, पण तिचे कान इकडेच आहेत. "पावट्याच्या शेंगंसारखं की. दाबल्याबिगर कळत न्हाई, पोचट हाय का भरल्याली."

मॅडमचा हात थांबतो. "अगदी तसंच, मावशी."

भरलेली आहे. रंग लावल्यावर फक्त कडेनं एक निळी किनार सरकते, मधला भाग काळा. उजव्या पायाची पोटरी मॅडम हाताने पिळून दाखवतात, तेव्हा गुडघ्यामागे रंगाचा लोंढा येतो. चालताना पोटरी रक्त असंच वर ढकलते. प्लास्टरमध्ये ती सहा आठवडे गप्प बसली होती. डावी पिळत नाहीत. सापडल्यावर पिळायचं नसतं.

आता गाठीचं वरचं टोक. प्रोब परत मांडीकडे चढतो: नाही मिटली, नाही मिटली, अर्धवट, मिटली. तिथून वर पुन्हा सगळ्या मिटतात. मॅडम कॉम्प्युटरवरच्या मुलाला इंग्रजीत मजकूर सांगतात. 'सुपरफिशियल फेमोरल' असं तो सवयीने टाइप करतो, आणि त्या पहिला शब्द खोडायला लावतात. ती शीर खोलवरची, पण जुनं नाव वाचून कुणाला ती वरवरची वाटते आणि गाठ असूनही औषध सुरू करायचं राहून जातं. मग हाडांच्या डॉक्टरांना फोन. रक्त पातळ करणारं औषध आजच सुरू, निदान तीन महिने.

सिस्टर जेल पुसते. आत्या पातळ नीट करते, खाली उतरायला लागते, तर तिला थांबवून व्हीलचेअर आणायला माणूस जातो. तेवढ्यात तिचा फोन वाजतो. शेजारच्या काकू. आत्या नको तेवढ्या मोठ्याने बोलते.

"न्हाई गं, चढली न्हवती. भरलीया."